एका ताऱ्याचा चुकलेला पिरियड

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. कामाच्या अनुभवांचं त्यांचं सदर दरवर्षी निवृत्त माणसं लिहितात. मागच्या अंकात एका एसटी कंडक्टरकाकांनी लिहिलं होतं, त्याच्या आधी एका नर्सबाईंनी. त्यांच्याकडे सांगायला अख्खी हयात होती. मी अजून एम.एस्सी.ला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि मी जे काम करते त्याचा मला कुणी पगार देत नाही. त्याला काम म्हणायचं का, अशी शंका मी बोलून दाखवली. संपादक म्हणाले, “रोज करता ना? चुकलं तर बोलणी बसतात ना? मग झालं.”

रोज करते. बोलणीही बसतात. म्हणून भीत भीत लिहिते आहे.

मी तारे तपासते. हे सांगितलं की समोरचा माणूस एक तर हात पुढे करतो, नाहीतर विचारतो, “मग रात्रभर जागावं लागत असेल?” हात मला वाचता येत नाही आणि रात्री मी झोपते. अमरावतीच्या आमच्या कॉलेजातली प्रयोगशाळा सकाळी उघडते आणि संध्याकाळी बंद होते, तेवढ्यात जे होईल ते काम. खिडक्यांना आमच्या गाईड मॅडमनी जाड काळे पडदे लावून घेतले आहेत, कारण उन्हाची तिरीप स्क्रीनवर आली की बारीक ठिपके दिसत नाहीत. बाहेर रस्ता तापलेला असतो आणि आत आम्ही पडदे ओढून आकाश पाहत असतो.

फोटोही आमचे नसतात. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांवर मोठाल्या दुर्बिणी आहेत. त्यांनी काढलेले फोटो काही काळानं सगळ्यांसाठी खुले होतात, ते आम्ही उतरवून घेतो. आमचं गिऱ्हाईक राहतं ते अश्मंत नावाच्या तारकासमूहात. हिवाळ्यात तो आपल्याकडे दक्षिणेला खाली दिसतो, म्हणजे दिसतो असं मानायचं, कारण तिथं डोळ्यांत भरावं असं काहीच नाही. त्या दिशेनं खूप, खूप लांब एक छोटी दीर्घिका आहे. तिला बटुदीर्घिका म्हणतात. आपली आकाशगंगा हे मोठं शहर धरलं, तर ही म्हणजे आडबाजूचं एखादं खेडं. आणि त्या खेड्यातसुद्धा एक-दोन मोहल्ले असे असतात की घराला घर लागून, भिंतीला भिंत. तसे ताऱ्यांचे दाट गोल गुच्छ या बटुदीर्घिकेत आहेत. त्यातला एक गुच्छ मॅडमनी आमच्या हाती दिला होता.

या गुच्छातले काही म्हातारे तारे फुगतात आणि आकसतात. फुगता-आकसताना त्यांचा उजेड वाढतो, कमी होतो, पुन्हा वाढतो. मराठीत त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. हे नाव मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं होतं, “विकार? बिमार हायेत का थे?” बिमार नाहीत, उलट फार शिस्तीचे आहेत. एकदा उजळल्यापासून पुन्हा उजळेपर्यंत प्रत्येकाला ठरलेला वेळ लागतो. या वेळेला आवर्तकाल म्हणतात. पुस्तकात. प्रयोगशाळेत आम्ही सगळे पिरियडच म्हणतो.

तो कशासाठी काढायचा, हेही सांगते. अंधारात शेतातून रस्त्याकडे पाहिलं की मोटारसायकलचा दिवा दिसतो आणि गाडी किती लांब आहे याचा अंदाज येतो, कारण दिवा केवढा असतो ते आपल्याला ठाऊक असतं. या जातीच्या ताऱ्यांचंही तसंच आहे. पिरियड कळला की ताऱ्याची जात कळते, जात कळली की दिवा केवढा ते कळतं, आणि मग तो गुच्छ किती दूर आहे ते काढता येतं. मात्र पिरियड चुकला, तर पुढचं सगळं चुकतं.

माझ्यासोबत एक वर्ष पुढचा मंगेश होता. तो तिवस्याहून रोज बसनं यायचा. प्रोग्रॅम तो लिहायचा, आणि त्यातून निघालेले आलेख एकेक करून मी तपासायची.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची असतात. अगदी सुरुवातीला मला एक तारा सापडला, जो एका फोटोत लखलखीत होता आणि बाकीच्या एकाही फोटोत नव्हता. मी आणि मंगेशनं जेवण सोडून त्याच्यावर तर्क लढवले. नवतारा असेल का? आपल्याआधी कुणी पाहिला असेल का? मंगेशनं तर त्याला नाव काय द्यायचं इथपर्यंत मजल मारली होती. मॅडमनी चष्मा वर केला, स्क्रीनपाशी वाकल्या आणि म्हणाल्या, “अभिनंदन. हा अवकाशातून आलेला एक कण आहे. कॅमेऱ्यावर आपटला, डाग पडला. पुढचा.”

‘पुढचा’ हा मॅडमचा आवडता शब्द. त्या कधी रागावत नाहीत, पुढचा म्हणतात.

दुसरा एक तारा कित्येक दिवस छळत होता. आलेख सुरेख यायचा, वर-खाली, वर-खाली. पण त्याचा पिरियड शेजारच्या ताऱ्याच्या पिरियडशी तंतोतंत जुळायचा. शेवटी कळलं की हा बिचारा अजिबात बदलत नव्हता. शेजारी इतका जवळ होता की त्याचा उजेड याच्या खात्यात सांडत होता. गुच्छाच्या मध्यभागी असं फार होतं. कोण खरंच बदलतंय आणि कुणावर नुसता आळ आलाय, हे वेगळं करण्यातच आमचे महिने जातात.

आणि मग चौतीस नंबर. नंबर आम्हीच दिलेला. गुच्छाच्या कडेला, गर्दीपासून जरा बाजूला असलेला तारा. उजेड सांडायची भीती नाही, फोटो स्वच्छ. त्याचा पिरियड साडेआठ तासांच्या आसपास निघाला. आमच्या साऱ्या यादीतला तो सगळ्यात भरवशाचा तारा होता. सोमवारी मॅडम आमचं काम पुण्याच्या एका संशोधकांना व्हिडिओ कॉलवर दाखवणार होत्या. त्यांना पटलं तर पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाऊन काम करायला मिळणार होतं. सुरुवात चौतीसनं करायची, असं आमचं ठरलं होतं.

शनिवारी दुपारी मी निघायच्या आधी शेवटचं म्हणून सगळे आलेख चाळले. घरी जाणं भागच होतं. दसरा तोंडावर आला होता. आमचं घर माळ्याचं, अकोल्याच्या अलीकडे गाव, फुलांची शेती, आणि दसऱ्याच्या आधी झेंडू तोडायला जितके हात असतील तितके कमी. पिशवी खांद्याला लावून उभ्या उभ्याच मी चौतीसचा आलेख पाहिला आणि तशीच खाली बसले. छोट्या पिरियडचे तारे हळुवार उजळतात, हळुवार मंदावतात. हा मात्र झपकन वर चढत होता आणि रेंगाळत उतरत होता. असं वागणं मोठ्या पिरियडच्या ताऱ्यांचं असतं. इतके दिवस हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

चूक काय झाली होती ते बसमध्ये बसेपर्यंत माझ्या लक्षात आलं. मंगेशला सांगितल्याशिवाय राहवेना. बडनेरा सोडल्यावर मी त्याला फोन लावला. गाडीच्या खिडक्या खडखडत होत्या, त्यामुळे मला ओरडूनच बोलावं लागत होतं.

“मंगेश, अरे, आपला पिरियड चुकला!... हो, नक्की. एका दिवसाचा घोळ आहे... नाही रे, मी तीनदा पाहिलं... आता मॅडमना सांगावंच लागेल... लपवून कसं चालेल? आज नाही तर उद्या दिसणारच ना ते!... दोघांनी मिळून केलंय, तर दोघांनी मिळून निस्तरू. तू घाबरू नको.”

माझ्या मागच्याच सीटवर सुशीआत्या बसली होती. ती बाबांची चुलतबहीण. मूर्तिजापूरला राहते, बडनेऱ्याला चढली होती. तिनं मला हाक मारली नाही. मूर्तिजापूरला उतरली, आणि माझी बस आमच्या फाट्याला पोचायच्या आत तिचा फोन आमच्या घरी पोचला.

मी घरी आले तेव्हा ओसरीत झेंडूचा ढीग पडला होता. आई एकटीच माळा ओवत होती. तिनं मान वर केली नाही.

“बस,” म्हणाली. “खरं सांगजो. काय चुकलं?”

मला वाटलं, मंगेशनं फोन केला असेल. अडीअडचणीला म्हणून बाबांचा नंबर मी त्याला देऊन ठेवला होता.

“पिरियड चुकला आई. तुला कसं कळलं?”

“कवापासून?”

“सुरुवातीपासूनच चुकत होता. लक्षात आजच आलं.”

आईच्या हातातली सुई थांबली. “किती दिवस?”

“एकाच दिवसाचा फरक आहे.”

“एकच दिवस?” तिचा चेहरा जरा सैल झाला. “मंग येवढं काय बसमंधी बोंबलत होती? एक दिवस तं होतेच इकडचं तिकडं.”

“नाही ना आई, एका दिवसानंच सगळं उलटं होतं!”

“आन हा मंगेश?”

“त्यानंच तर केलं सगळं. मी नुसती हो म्हणत गेले. मीच आधी बघायला पाहिजे होतं.”

आईनं सुई ढिगात खुपसली आणि कपाळावर हात मारला. “माय व! आन मॅडमले माईत हाय?”

“सोमवारी सांगणार आहे.”

“मॅडमले कायले सांगतं? उद्याच अकोल्याले दवाखान्यात जाऊ. बाबाले मी पायतो.”

“दवाखान्यात? दवाखान्यात कशाला?”

आई माझ्याकडे पाहत राहिली. मी आईकडे पाहत राहिले. आणि मग मला उमगलं. मला हसू फुटलं, ते आवरेना, अगदी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. हे त्या क्षणी फार वाईट झालं, कारण दाराआड उभे असलेले बाबा पुढे आले, आणि त्यांना दिसलं ते एवढंच की आई कपाळाला हात लावून बसली आहे आणि मी हसते आहे.

मी सगळं सांगितलं. पिरियड म्हणजे काय, कुणाचा, चुकला म्हणजे काय. आईला दोन वाक्यांत पटलं. तिचा माझ्यावर विश्वास होता आणि तिला तो ठेवायला निमित्तच हवं होतं. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. बाबा कमी बोलतात.

“तू खोटं बोलत नाईस हे मले माईत हाय,” ते म्हणाले. “पन सुशीनं साऱ्या सोयऱ्यायले फोन लावले. तिनं कानानं आयकलं. तुह्या ताऱ्याले कोन पायलं? म्याबी नाई, तुह्या मायनंबी नाई. आता दसरा होऊ दे. थोडे दिवस घरीच राय. मंग पाहू.”

आमच्या नात्यात ‘मंग पाहू’ म्हणजे नाही. मामाची मुलगी दहावीनंतर ‘मंग पाहू’त गेली आणि दुसऱ्या वर्षी तिचं लग्न झालं. मी कॉलेजला गेले ते बाबांनी तेव्हा ‘मंग पाहू’ न म्हणता ‘जाय’ म्हटलं म्हणून. एका शब्दानं गेले होते, एका शब्दानं परत येणार होते. मी तोवर बाबांना कधी उलट बोलले नव्हते. आताही उलट बोलता आलं नाही. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, “बाबा, सोमवारी मला जावंच लागेल. का, ते सांगते. समजलं नाही तर पुन्हा सांगते.”

बाबांनी नाही म्हटलं नाही. मी सांगायला लागले.

“शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळतात ना, त्यातला एक पोरगा धरा. तो मैदानाला गोल फेऱ्या मारतोय. थांबतच नाही. आणि आपण दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी, दार उघडून त्याच्याकडे बघतो. काल तो गेटपाशी होता. आज गेटच्या जरा पुढे आहे. तर मग चोवीस तासांत त्यानं किती फेऱ्या मारल्या?”

“एक मारली असन. वर जराशी.”

“दोन आणि वर जराशी मारल्या असतील तर? तीन आणि वर जराशी? आपल्याला तो तेवढाच पुढे दिसणार ना?”

बाबांनी मान हलवली. “हाव. तेवढाच.”

“तसंच झालं. दुर्बीण एकाच जागी. ती रात्रीच बघणार, आणि आमचे सगळे फोटो रात्रीच्या साधारण एकाच वेळचे. मधल्या वेळात तारा काय करतो ते आम्हाला दिसतच नाही. आम्ही दिवसाला एक फेरी जास्त मोजली. म्हणून पिरियड चुकला.”

बाबांनी बोटांवर फेऱ्या मोजल्या. मग म्हणाले, “मंग त्या पोट्ट्यालेच काहून नाई विचारत?”

“तारा बोलत नाही बाबा.”

“बोलत नाई थे बरं हाय,” आई म्हणाली. “नाई तं त्याचंबी सुशीनं आयकलं असतं.”

बाबांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. मला वाटलं, झालं. पण ते उठले आणि पुन्हा म्हणाले, “समजलं मले. पन कोनी पायलं तं नाई.” आणि गोठ्याकडे गेले.

रविवारचा दिवस मी झेंडू तोडला. तोडता तोडता मनाशी ठरवत होते की काय झालं तरी जायचं. रडून नाही, पळून नाही, पण जायचं. संध्याकाळी पिशवी भरून मी दाराशी ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. जेवताना ती बाबांनी पाहिली, आईनं पाहिली. मग आई भाकरी थापता थापता म्हणाली, “मी जातो तिच्यासंगं. पायतो तं काय हाय थे.” (आमच्याकडे बायाही ‘जातो’च म्हणतात.)

दसऱ्याच्या आधीचा सोमवार, आणि आई घराबाहेर? मी बाबांकडे पाहिलं.

“जाय,” बाबा म्हणाले. “झेंडू मी पायतो.”

सकाळच्या बसनं आम्ही निघालो. मूर्तिजापूर यायच्या आधी मीच म्हटलं, “आई, इथं उतरू. आत्याकडे जाऊ.” आईला जायचं नव्हतं. तिच्या मते सुशीआत्याचं तोंड पाहण्यात अर्थ नव्हता. पण मला वाटत होतं की हे इथंच संपवलं नाही, तर प्रत्येक सणाला माझ्या पुढ्यात येऊन बसेल.

आत्यानं आम्हाला दारात पाहिलं आणि आधी चहा टाकला. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मी काय चूक आयकलं का? सांग! तू म्हनलं का नाई, पिरियड चुकला?”

“म्हटलं, आत्या.”

“दोघांनी केलं म्हनलं का नाई?”

“म्हटलं.”

“मॅडमपासून लपवता येत नाई म्हनलं का नाई?”

“शब्द न शब्द बरोबर ऐकलंस तू.”

ती गोंधळली. तिला वाटलं होतं मी नाही म्हणेन, भांडेन. मी तिला ताऱ्याचं सांगितलं, बाबांना सांगितलं तसंच, मैदानावरच्या पोरासकट. सांगताना माझ्या मनात येत होतं की आत्याचं आणि आमचं एकच झालंय. तिनं जे ऐकलं त्यात काही खोट नव्हती, आमच्या फोटोंतही नव्हती. पण तिला फोनची एकच बाजू ऐकू आली, आणि मधलं तिनं भरून काढलं. आम्हीही तेच केलं होतं.

“तुला मंगेशचं बोलणं ऐकू आलं नाही, एवढंच,” मी म्हटलं.

“मंग त्याले स्पीकरवर टाका लागत होतं नं, बह्याड पोट्टे!” आत्या म्हणाली. आईच्या नाकातून चहा यायचा बाकी राहिला.

मग आत्यानं स्वतःच फोन काढला. ज्यांना ज्यांना शनिवारी लावला होता, त्यांना लावायला लागली. “अवो, थे पोरीचं नाई, ताऱ्याचं हाय म्हन!... ताऱ्याचं!... वरचं, वरचं!... मले काय माईत त्याईचं कसं राह्यते, पोरगी शिकते थे!” आम्ही निघालो तरी तिचे फोन चालूच होते. आता आमच्या नात्यात असा समज पसरला आहे की ताऱ्यांनाही तसलं काही असतं आणि मी त्यावर औषध शोधते. तो समज मी अजून पूर्णपणे दूर करू शकलेले नाही.

अमरावतीला पोचलो तेव्हा मंगेश पायरीवर उभा होता. माझ्यासोबत आईला पाहून तो दोन पावलं मागं सरला. आईनं त्याला खालून वर पाहिलं आणि विचारलं, “तूच का मंगेश? जेवला का?” त्यानं मान हलवली, आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “आज जुनाच आकडा दाखवू. सगळं तयार आहे. नंतर दुरुस्त करू, कोणाला कळणार आहे?”

त्याची अडचणही खोटी नव्हती. त्याला त्या उन्हाळ्याची माझ्याइतकीच गरज होती. मी मान हलवून नाही म्हटलं.

आईनं चपला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढल्या. आत अंधार पाहून क्षणभर थबकली. मी तिला मागच्या खुर्चीवर बसवलं आणि गुच्छाचा फोटो उघडला. काळ्यावर पांढरे ठिपकेच ठिपके.

“याच्यात तुहा कोन्ता?”

मी कडेच्या एका ठिपक्यावर बाण नेला. “हा.”

“हा? येवढुसा?”

“आता बघ हं.” दोन वेगवेगळ्या रात्रींचे फोटो मी एकावर एक ठेवले आणि आलटून-पालटून दाखवायला लागले. बाकी सगळे ठिपके जागच्या जागी, जसेच्या तसे. चौतीस मात्र उजळायचा, मंदावायचा, उजळायचा. आई पुढे सरकली.

“आनखी कर.”

मी पुन्हा केलं.

“आनखी एकदा.”

मॅडम दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, पण ‘पुढचा’ म्हटलं नाही.

कॉल सुरू झाला. पुण्याचे सर स्क्रीनवर आले. मॅडमनी ओळख करून दिली आणि मला खूण केली. मी म्हटलं, “सर, ज्या ताऱ्यानं सुरुवात करणार होतो, त्याचा पिरियड चुकला आहे. साडेआठ तास लिहिलाय, तो बहुतेक साडेतेराच्या आसपास असावा. पण ते आम्ही अजून सिद्ध केलेलं नाही.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही हे तेव्हाच कळत होतं. आधी त्यांना सांगायला हवं होतं, हे आज समजतं. तेव्हा मला फक्त एवढंच वाटत होतं की आता नाही बोलले तर कधीच बोलता येणार नाही.

सर म्हणाले, “मग आज दाखवायला तुमच्याकडे काय आहे?”

“दोन उत्तरं आहेत. त्यातलं एक तरी चूक आहे. कोणतं ते ठरवायला दुसऱ्या देशातून, वेगळ्या वेळी घेतलेले फोटो लागतील.”

त्यांनी आलेखाचा आकार दाखवायला सांगितला, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, “ऑस्ट्रेलियातून घेतलेले काही फोटो मिळतील. दर्जा बरा नाही, पण तुमचा तारा कडेला आहे, चालून जाईल. मागवा. तोवर हा तारा यादीतून काढा.” उन्हाळ्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्यादेखत चौतीस नंबरची ओळ खोडली. सगळ्यात भरवशाचा आमचा तारा.

पुढचं सांगून टाकते. ते फोटो मागवायला आणि साफ करायला हिवाळा गेला. साडेतेरा तासच बरोबर निघाले. तारा यादीत परत आला, पण पहिला नाही, मधेच कुठंतरी, आपल्या जागी. उन्हाळ्याला बोलावणं आलं ते मला एकटीला. जागा एकच होती. प्रोग्रॅम मंगेशचे होते, चूक ओळखली मी, म्हणून नाव माझं लागलं. हे मला अजून टोचतं. तो आता तिवस्याच्या एका शाळेत तासिकेवर शिकवतो आणि अडलं की मी त्यालाच फोन करते. मॅडमनी मला एकदा बजावलं, घरी किंवा गाडीत बोलताना आवर्तकाल म्हणत जा. मंगेश म्हणतो. माझ्या तोंडून अजून पिरियडच येतं.

पण त्या सोमवारी यातलं काहीच माहीत नव्हतं. कॉल संपला होता, मी खोडलेल्या ओळीकडे पाहत बसले होते, आणि मॅडम मंगेशला काहीतरी समजावत होत्या. आई उठून व्हरांड्यात गेली होती. बाबांशी बोलत होती. ती फोनवर नेहमीच मोठ्यानं बोलते, सगळं आत ऐकू येत होतं.

“हाव. पोचलो... हाव, पायला. ताराच हाय. लय बारीक हाय, पन हाय... नाई, काम नाई झालं तिचं. चुकलंच हाय खरोखर. मोठ्या सायबानं तोंडावर सांगतलं.”

मग बाबा काहीतरी बोलत असावेत. मी जागची हलले नाही.

“नाई,” आई म्हणाली. “मी येतो संध्याकायच्या गाडीनं. एकटीच येतो. तिले राहू द्या, तिचं काम राह्यलं हाय.”